वस्तू सांभाळण्याची विद्या

उर्दूत आपण ज्याला 'अजायबघर' म्हणतो, त्याला मराठीत 'वस्तुसंग्रहालय' म्हणतात. दोन्ही शब्द एकाच जागेचे आहेत. पण त्यांचा अर्थ नीट पाहिला, तर एक फरक लक्षात येतो. अजायबघर म्हणजे अजब वस्तूंचे घर. हा शब्द बाहेरून पाहायला येणाऱ्या माणसाच्या तोंडचा आहे. नागपूरला १८६३ साली सुरू झालेल्या मध्यवर्ती संग्रहालयाला तिथले लोक 'अजब बंगला' म्हणतात, तेही याच भावनेने. वस्तुसंग्रहालय म्हणजे वस्तूंचा संग्रह जिथे केला जातो ती जागा. हा शब्द आत काम करणाऱ्या माणसाची आठवण करून देतो. ती वस्तू कुणीतरी मिळवली, तिची नोंद केली, ती काचेच्या कपाटात मांडली आणि वर्षानुवर्षे सांभाळली. म्हणून आज ती आपल्याला दिसते.

हे सांभाळण्याचे काम कुणीही करू शकेल, असे तुम्हांला वाटेल. धूळ झटकायची, कपाटाला कुलूप लावायचे, झाले! पण तसे नाही. हे काम शिकावे लागते, आणि ते विद्यापीठात शिकता येते. या विषयाचे नाव आहे 'संग्रहालयशास्त्र'. डॉक्टर, इंजिनिअर आणि शिक्षक या वाटा तुमच्या माहितीच्या आहेत. या वाटेविषयी मात्र आपल्या शाळांतून फारसे कुणी बोलत नाही. म्हणून या पाठात आपण तिची ओळख करून घेऊ.

भारतात या विषयाचे विद्यापीठीय शिक्षण बडोद्यात सुरू झाले. बडोदा आज गुजरात राज्यात आहे. पण त्याचा मराठीशी जुना संबंध आहे. तेथील राजे सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांचा जन्म नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यात एका शेतकरी कुटुंबात १८६३ साली झाला. १८७५ साली ते दत्तक गेले आणि बडोद्याचे राजे झाले. शिक्षणावर त्यांचा मोठा भर होता. १९०६ साली त्यांनी आपल्या संपूर्ण राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. सामान्य माणसाने पुस्तकांतून शिकावे, तसेच वस्तू पाहूनही शिकावे, असे त्यांना वाटत होते. म्हणून त्यांनी १८८७ साली बडोद्यात संग्रहालयाची स्थापना केली. एका मोठ्या बागेतील त्या इमारतीत आज इजिप्तची ममी आहे, देवमाशाचा प्रचंड सांगाडा आहे, आणि बडोद्याजवळच्या अकोटा येथे १९५१ साली सापडलेल्या जैन धातुमूर्तीही आहेत.

पुढे १९४९ साली बडोद्यात महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले. या विद्यापीठाने १९५२ साली संग्रहालयशास्त्राचा स्वतंत्र विभाग उघडला. देश नुकताच स्वतंत्र झाला होता. ठिकठिकाणी नवी संग्रहालये निघत होती आणि ती चालवणारी शिकलेली माणसे हवी होती. ती गरज या विभागाने ओळखली. त्यानंतर कोलकाता, बनारस, अलीगढ अशा इतर विद्यापीठांतही या विषयाचे शिक्षण मिळू लागले. दिल्लीला १९८९ साली राष्ट्रीय संग्रहालयाच्या आश्रयाने एक स्वतंत्र संस्था निघाली. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही या विषयाचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम चालवला जातो.

या अभ्यासक्रमाला प्रवेश कुणाला मिळतो? साधारणपणे कोणत्याही शाखेच्या पदवीधराला. बारावीनंतर तुम्ही कला, विज्ञान किंवा वाणिज्य यांपैकी कोणत्याही शाखेची पदवी घेतली, तरी दोन वर्षांच्या एम. ए. साठी अर्ज करता येतो. प्रवेशाचे नियम प्रत्येक विद्यापीठाचे वेगळे असतात आणि ते बदलतातही. म्हणून त्या वेळी त्या विद्यापीठाकडूनच खात्री करून घ्यावी. या वर्गाची एक गंमत आहे. एका बाकावर इतिहासाचा विद्यार्थी असतो, शेजारी रसायनशास्त्राची विद्यार्थिनी असते, आणि मागे चित्रकला शिकून आलेला कुणी बसलेला असतो. तिघांचीही गरज असते. वस्तू किती जुनी आहे, हे पहिला सांगू शकतो. तिच्यावर चढलेला थर कशाचा आहे, हे दुसरी सांगू शकते. ती लोकांपुढे कशी मांडावी, हे तिसऱ्याला सुचते.

आता या अभ्यासक्रमात काय शिकवतात, ते पाहू. त्याचे मुख्य भाग चार आहेत : वस्तू मिळवणे, तिची नोंद करणे, तिचे जतन करणे आणि ती लोकांना दाखवणे.

पहिला भाग वस्तू मिळवण्याचा. संग्रहालयात वस्तू अनेक मार्गांनी येतात. कुणी त्या भेट देतो, काही विकत घेतल्या जातात, काही उत्खननात सापडतात. वस्तू घेण्यापूर्वी ती कुणाची आहे, देणाऱ्याला ती देण्याचा हक्क आहे का, ती कोठून आली, हे तपासावे लागते. यासाठी विद्यार्थ्यांना कायदे शिकवले जातात. १८७८ सालचा एक कायदा सांगतो, की जमिनीत पुरलेला १० रुपयांपेक्षा जास्त किमतीचा ठेवा सापडला, तर त्याची खबर जिल्हाधिकाऱ्याला दिली पाहिजे. त्या काळी १० रुपये ही मोठी रक्कम होती! १९७२ सालचा दुसरा कायदा सांगतो, की १०० वर्षांपेक्षा जुनी मूर्ती, नाणे, चित्र अशा वस्तू 'पुरावस्तू' ठरतात. महत्त्वाच्या हस्तलिखितांसाठी ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. अशा वस्तू कोणत्याही खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाहीत.

दुसरा भाग नोंदीचा. बाहेरून पाहणाऱ्याला हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण संग्रहालयाचा खरा जीव याच भागात असतो. वस्तू आली, की तिला एक क्रमांक दिला जातो. समजा, २०२४ साली आलेली ती बारावी वस्तू असेल, तर तिचा क्रमांक '२०२४.१२' असा होऊ शकतो. हा क्रमांक नोंदवहीत लिहितात आणि वस्तूवरही लिहितात. वस्तूवर लिहिताना मागच्या किंवा तळाच्या बाजूला पारदर्शक लेप देऊन त्यावर बारीक अक्षरांत लिहितात. त्यामुळे वस्तू खराब होत नाही आणि गरज पडली तर लेखन पुसता येते. नोंदवहीत वस्तूचे नाव, ती कशाची बनली आहे, तिची लांबी, रुंदी, वजन, तिच्यावरचा मजकूर, तिच्यावरच्या भेगा व डाग, ती कुणी दिली, कोणत्या गावातून आली आणि केव्हा आली, हे सर्व लिहिले जाते. सोबत छायाचित्र असते. आज ही नोंद संगणकावरही ठेवतात.

एवढे लिहून काय मिळते? एक उदाहरण घेऊ. समजा, तुमच्यापुढे दोन पितळी पानदाने ठेवली आहेत. दोन्ही सारखीच आहेत. दोन्हींत कात, चुना व सुपारी यांसाठी छोट्या डब्या आहेत. पहिले पानदान भंगाराच्या दुकानातून आणलेले आहे. त्याच्याविषयी आपण काय सांगू शकतो? ते पितळेचे आहे, जुने आहे, वजन इतके आहे. बस्स. दुसऱ्या पानदानाबरोबर एक कागद आहे. त्यावर लिहिले आहे, की हे पानदान अमुक गावातील एका विणकराच्या घरातील आहे; लग्नात मुलीला दिले गेले; तीन पिढ्या ते याच घरात होते; त्याच्या झाकणाच्या आत उर्दू लिपीत एक नाव आणि हिजरी १३१० हे साल कोरलेले आहे. हिजरी १३१० म्हणजे इसवी सन १८९२-९३. आता हे पानदान कितीतरी गोष्टी सांगू लागते. त्या काळी विणकराच्या घरात लग्नाला काय देत, मुलीचे नाव भांड्यावर कोरण्याची पद्धत होती, घरात लिपी जाणणारे कुणी होते की कासाराकडून कोरून घेतले, असे प्रश्न आपण विचारू शकतो. पितळ तेच, कारागिरी तीच. फरक आहे तो एका कागदाचा. कागद हरवला, की वस्तू मुकी होते.

नोंदीचे मोल किती असते, हे दोन खऱ्या घटनांवरून कळेल. तमिळनाडूतील श्रीपुरंदन या खेड्यातील एका प्राचीन मंदिरातून नटराजाची धातूची मूर्ती चोरीला गेली. ती चोरट्या मार्गाने परदेशात पोचली. २००८ साली ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथील राष्ट्रीय कलादालनाने ती सुमारे ५० लाख अमेरिकन डॉलर देऊन विकत घेतली. विकणाऱ्याने खोटी कागदपत्रे दाखवली होती. मग ही मूर्ती श्रीपुरंदनचीच आहे, हे कसे सिद्ध झाले? पुदुच्चेरी येथील फ्रेंच संशोधन संस्थेने पूर्वी दक्षिणेतील मंदिरांची व मूर्तींची हजारो छायाचित्रे काढून नीट जपून ठेवली होती. त्यांत या मूर्तीचेही छायाचित्र होते. मूर्तीवरच्या बारीकसारीक खुणा जुळल्या आणि २०१४ साली ऑस्ट्रेलियाने ती भारताला परत केली. ज्या खेड्यातील मूर्तीचे छायाचित्र कुणी काढले नाही, त्या खेड्याला आपली मूर्ती ओळखूनही परत मागता येत नाही.

दुसरी घटना ब्राझील देशातील आहे. रिओ दि जानेरो या शहरातील राष्ट्रीय संग्रहालयाला २ सप्टेंबर २०१८ च्या रात्री आग लागली. हे संग्रहालय २०० वर्षांचे होते आणि त्यात सुमारे २ कोटी वस्तू होत्या. त्यांतील बहुतेक एका रात्रीत नष्ट झाल्या. दुसऱ्या दिवशी कोण पुढे आले? त्याच शहरातील एका विद्यापीठात संग्रहालयशास्त्र शिकणारे विद्यार्थी! त्यांनी लोकांना आवाहन केले, की तुम्ही कधी हे संग्रहालय पाहिले असेल आणि छायाचित्रे काढली असतील, तर ती आम्हांला पाठवा. जगभरातून छायाचित्रे येऊ लागली. जळालेली वस्तू परत येत नाही. पण तिची आठवण तरी पूर्ण पुसली जाऊ नये, म्हणून त्या मुलामुलींनी धडपड केली. वर्गात शिकलेल्या विद्येचा खरा अर्थ त्यांना असा समजला.

तिसरा भाग जतनाचा. वस्तूचे शत्रू चोर आणि आग एवढेच नसतात. प्रकाश, ओल, किडे आणि माणसाचे हात हेही तिचे शत्रू आहेत. ते हळूहळू काम करतात, म्हणून आपल्याला दिसत नाहीत.

प्रथम प्रकाश. खिडकीला लावलेला पडदा काही वर्षांनी विटतो, हे तुम्ही पाहिले आहे. शालू, पैठणी, हस्तलिखित, रंगीत चित्र यांचेही तसेच होते. एकदा गेलेला रंग परत येत नाही. प्रकाश मोजण्याचे एकक 'लक्स' आहे. भर दुपारच्या उन्हात सुमारे १ लाख लक्स प्रकाश असतो. कापड आणि कागद यांच्यासाठी संग्रहालयात फक्त ५० लक्सच्या आसपास प्रकाश ठेवतात. म्हणून ते दालन आपल्याला अंधारे वाटते. तिथे दिवे कमी लावण्यात कंजूषपणा नसतो, काळजी असते.

नंतर ओल. हवेतील आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली, तर कागदावर, चामड्यावर बुरशी धरते. आपल्या कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याचे चार महिने काय होते, हे वेगळे सांगायला नको. हवा फार कोरडी झाली, तरी लाकडाला भेगा पडतात. म्हणून रोज मोजमाप घ्यावे लागते. नव्या बुटांच्या खोक्यात पांढऱ्या दाण्यांची एक पुडी असते ना? ते दाणे ओल शोषून घेतात. तसेच दाणे संग्रहालयातील कपाटांतही ठेवतात.

किड्यांचा बंदोबस्त आपले वाडवडीलही करत होते. मराठी घरांत पोथी लाल कापडाच्या बासनात बांधून ठेवत आणि आत कडुलिंबाचा पाला टाकत. आपण कुराणशरीफ जुझदानात ठेवतो. ही अदब तर आहेच. पण त्यामुळे धूळ आणि प्रकाश यांपासून पानांचे रक्षणही होते. वर्गात या जुन्या रीतींची पारख केली जाते आणि नव्या रीतीही शिकवल्या जातात. उदाहरणार्थ, कीड लागलेले लाकूड किंवा कापड हवाबंद करून ठरावीक दिवस अतिथंड तापमानात ठेवले, तर औषध न मारताही कीड मरते.

राहिले माणसाचे हात. सुरई उचलताना ती मानेला किंवा कानाला धरायची नाही. एक हात तळाशी आणि एक हात पोटाला लावायचा. धातूच्या वस्तूला हातमोजे घालून हात लावायचा, कारण घामाचे डाग धातूवर कायम उमटतात. जुने हस्तलिखित मात्र स्वच्छ धुतलेल्या, कोरड्या हातांनी हाताळायचे. हातमोज्यात बोटांना पान जाणवत नाही आणि ते फाटते. घरी आपण पितळेची भांडी चिंच आणि राख लावून लखलखीत करतो. संग्रहालयात तसे करत नाहीत. दर वेळी घासताना धातूचा एक पातळ थर निघून जातो आणि त्याबरोबर कोरलेली अक्षरेही झिजतात. दुरुस्तीचा नियमही असाच आहे. जे केले, ते पुढे कुणाला काढून टाकता आले पाहिजे. आणि जे केले, ते नोंदवहीत लिहिले पाहिजे. तुटलेली मूर्ती नव्यासारखी करून दाखवणे म्हणजे हुशारी नव्हे. पाहणाऱ्याला जुने कोणते आणि नवे कोणते, हे कळले पाहिजे.

चौथा भाग वस्तू दाखवण्याचा. वस्तूशेजारी एक छोटी पाटी असते. ती लिहिणे फार अवघड काम आहे. शंभर पानांची माहिती चार ओळींत सांगायची असते, आणि ती शाळेतल्या मुलालाही समजली पाहिजे व प्राध्यापकालाही खोटी वाटता कामा नये. त्या पाटीवर 'सुमारे', 'बहुधा' असे शब्द अनेकदा दिसतात. लिहिणाऱ्याला नीट माहिती नव्हती, असे समजू नका. जेवढे ठाऊक आहे तेवढेच सांगायचे, ही त्याची इमानदारी आहे. याशिवाय दालनाची मांडणी, अंध व अपंग व्यक्तींसाठी सोय, शाळांच्या सहलींसाठी कार्यक्रम, हेही शिकवले जाते. शेवटी विद्यार्थ्याला एखाद्या संग्रहालयात प्रत्यक्ष काम करावे लागते आणि एका विषयावर प्रबंधिका लिहावी लागते.

या अभ्यासात काही कठीण प्रश्नही येतात. राजेरजवाड्यांच्या तलवारी आणि सिंहासने संग्रहालयात आली, पण त्यांच्या राज्यात राबणाऱ्या कुंभाराची, विणकराची, कोळ्याची हत्यारे का आली नाहीत? एका देशाने दुसऱ्या देशावर राज्य करताना नेलेल्या वस्तू कुणाच्या? संग्रहालयांची एक जागतिक परिषद आहे. तिची स्थापना १९४६ साली झाली. तिने २०२२ साली प्राग येथे संग्रहालयाची नवी व्याख्या स्वीकारली. संग्रहालय सर्वांसाठी खुले असावे आणि त्याच्या कामात लोकांचा सहभाग असावा, असे त्या व्याख्येत म्हटले आहे.

आपल्या महाराष्ट्रात एका माणसाने या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वी आपल्या परीने दिले होते. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर (१८९६-१९९०) हे कवी होते. 'अज्ञातवासी' या नावाने ते कविता लिहीत. त्यांनी आयुष्यभर गावोगाव हिंडून घरगुती वस्तू जमवल्या. दिवे, अडकित्ते, दौती, कंगवे, कुलपे, दरवाजे, स्वयंपाकघरातील भांडी, वाद्ये अशा हजारो वस्तू त्यांनी गोळा केल्या. लोक ज्या वस्तू टाकून देत, त्या त्यांनी मोलाच्या मानल्या. लहानपणी वारलेल्या आपल्या राजा नावाच्या मुलाच्या स्मरणार्थ त्यांनी हे संग्रहालय उभे केले आणि पुढे तो सर्व संग्रह महाराष्ट्र शासनाला दिला. एक साधा अडकित्ता पाहतानाही त्या काळच्या माणसाची रसिकता कळते, ती त्यांच्यामुळे.

मित्रांनो, आता तुमच्याविषयी थोडे. 'आम्ही उर्दू माध्यमात शिकलो. आम्हांला हे कसे जमेल?' असे तुमच्यापैकी कुणाला वाटत असेल. हा प्रश्न उलटा करून पाहा. पेशव्यांच्या काळातील अनेक रुपयांवर दिल्लीचा बादशहा शाह आलम याचे नाव फारसीत कोरलेले आढळते. जुनी फर्माने, सनदा, मशिदी व किल्ल्यांवरचे शिलालेख फारसी-अरबीत आहेत. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० साली स्थापन झाले. त्याच्या संग्रहात मराठीबरोबर फारसी कागदही आहेत. हैदराबादचे सालारजंग संग्रहालय १९५१ साली लोकांसाठी खुले झाले. तिथे अरबी, फारसी आणि उर्दू हस्तलिखितांचा मोठा खजिना आहे. हे सारे वाचणारी माणसे आज कमी होत चालली आहेत. तुम्हांला ही लिपी लहानपणापासून येते. त्यावर थोडी फारसी शिकलात आणि मराठी पक्की केलीत, मोडी शिकलात, तर इतरांना बंद असलेली कपाटे तुम्ही उघडू शकाल. महाराष्ट्राचा इतिहास या दोन्ही लिपींत लिहिलेला आहे. जो दोन्ही वाचतो, त्याला तो पुरा वाचता येतो.

एक गोष्ट मात्र आधीच सांगितली पाहिजे. या क्षेत्रात नोकऱ्या फार नाहीत. अभिरक्षक म्हणजे संग्रह सांभाळणारा अधिकारी, नोंदणी सहायक, जतनतज्ज्ञ, मार्गदर्शक अशी पदे असतात. पण त्यांच्या जाहिराती कमी निघतात आणि स्पर्धा मोठी असते. पुराभिलेखागारे, ग्रंथालये, खाजगी संग्रह आणि प्रदर्शने भरवणाऱ्या संस्था यांतही काम मिळू शकते. तेव्हा घरच्या वडीलधाऱ्यांशी बोलून, हिशेब करून निर्णय घ्यावा. नुसत्या हौसेने उडी मारू नये आणि नुसत्या भीतीने मागेही फिरू नये.

पण ही विद्या शिकायला सुरुवात करण्यासाठी पदवी होईपर्यंत थांबण्याची गरज नाही. दरवर्षी १८ मे हा दिवस जागतिक संग्रहालय दिन म्हणून साजरा होतो. तेव्हा तुम्हांला सुट्टीच असते. जवळचे संग्रहालय पाहायला जा. सगळी दालने धावतपळत पाहू नका. एकच वस्तू निवडा आणि तिच्यापुढे दहा मिनिटे उभे राहा. ती कशाची आहे? कुणी बनवली असेल? कुठे झिजली आहे, आणि तिथेच का झिजली? पाटीवर काय लिहिले आहे, आणि काय लिहिलेले नाही? या प्रश्नांची उत्तरे वहीत लिहा.

दुसरे काम घरी करता येईल. घरातील पाच जुन्या वस्तू निवडा. पानदान असेल, अत्तरदाणी असेल, दादाजानांचे घड्याळ असेल, एखादी जुनी वही, एखादे खत किंवा जमिनीचा कागद असेल. प्रत्येकीला क्रमांक द्या; पण वस्तूवर काही लिहू नका, क्रमांक वहीतच ठेवा. मापे घ्या. शक्य असेल तर छायाचित्र काढा. मग आजी-आजोबांजवळ बसून विचारा : ही कुणाची? कोठून आली? कशासाठी वापरत? ते सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या आणि खाली तारीख घाला. हे काम लवकर करा. वस्तू पन्नास वर्षे वाट पाहू शकते; तिची हकीकत सांगणारा माणूस पाहू शकत नाही. आणि भंगारवाल्याच्या तराजूत पितळेचे वजन होते, त्यावर कोरलेल्या नावाचे होत नाही.

ती पाच पानांची वही म्हणजे तुमचे पहिले संग्रहालय. पुढे तुम्ही विद्यापीठात जाऊन ही विद्या शिकाल किंवा दुसरे काही व्हाल. पण घरातील वस्तू बाहेर टाकण्यापूर्वी तिला एकदा विचारून घेण्याची सवय तुम्हांला लागेल. ज्या घरांची नावे इतिहासाच्या पुस्तकांत येत नाहीत, त्यांचा इतिहास अशाच वह्यांतून वाचतो.